मॅमोग्राफीची लाइट परत परत सरकतेय? स्क्रू फिरवायच्या आधी हे बघा

ज्यांच्याकडे मॅमो (स्तनांचा एक्सरे काढायचं) मशीन आहे त्यांना हे दुखणं नवीन नाही. लाइट फील्ड (एक्सरे कुठे पडणार ते दाखवणारा उजेड) आणि एक्सरे फील्ड (एक्सरे खरोखर पडतो ती जागा) जुळत नाही म्हणून कॉल टाकायचा, सर्व्हिस इंजिनिअर येतो, कॉलिमेटरचं (एक्सरेचा झोत आखून देणाऱ्या भागाचं) कव्हर काढतो, दोन स्क्रू फिरवतो, टेस्ट पास, रिपोर्टवर सही शिक्का, चहा, आणि थोडे दिवस गेले की परत टेक्निशियन मॅडमचा फोन, "सर, लाइट परत सरकली हो, सीसीला ठीक दिसतीय पण एमएलओला बोटभर बाहेर जातीय." (सीसी म्हणजे वरून खाली घेतलेला फोटो, एमएलओ म्हणजे मशीन तिरकं करून घेतलेला.) परत कॉल, परत तेच दोन स्क्रू. रोग म्हशीला आणि इंजेक्शन पखालीला.

मी बायोमेडिकलला आहे, आमच्या भागातल्या बऱ्याच हॉस्पिटलांची मशीन बघतो, आणि माझं म्हणणं असं आहे की जे परत परत सरकतं ते अलाइनमेंटचं दुखणंच नसतं. एकदा नीट बसवलेलं अलाइनमेंट आपोआप बिघडत नाही, कुठलातरी भाग सैल झालाय, झिजलाय किंवा चुकीचा बसवलाय म्हणून ते बिघडतं. आणि कुठला भाग ते लाइट कशी सरकली यावरूनच बऱ्यापैकी कळतं, पण आपण आधी स्क्रू फिरवतो आणि पुरावाच पुसून टाकतो.

आधी थोडं आतलं चित्र डोळ्यासमोर आणा, नाहीतर पुढचं डोक्यावरून जाईल. ट्यूबमधल्या फोकल स्पॉटमधून एक्सरे निघतात, फिल्टरमधून जातात, मग मध्ये तिरका मिरर, त्याखाली कॉलिमेटरची ब्लेडं, त्याखाली पॅडल (स्तन दाबणारी प्लास्टिकची प्लेट) आणि बकी (स्तन ठेवायचा भाग, त्यात डिटेक्टर असतो). लाइटचा दिवा बाजूला बसवलेला असतो आणि मिररवर आपटून खाली येतो. सगळी गंमत अशी की खालून मिररमध्ये बघितलं तर दिवा बरोब्बर फोकल स्पॉटच्या जागी दिसायला पाहिजे. तिथे दिसला तर एकाच ब्लेडची सावली लाइटमध्ये आणि एक्सरेमध्ये एकाच जागी पडते. नाही दिसला तर नाही पडत.

आता मॅमोमध्ये साध्या एक्सरेपेक्षा एक भानगड जास्त आहे, ती म्हणजे तो मिरर. साध्या एक्सरेत ६०, ८०, १०० केव्ही (ट्यूबचं व्होल्टेज) असतात, मिरर कायम बीममध्ये राहिला तरी काही बिघडत नाही. मॅमोत आपण २५ ते ३५ केव्हीत काम करतो, मॉलिब्डेनम अॅनोडची मुख्य लाइन (किरणांची मुख्य ऊर्जा) १७.५ केईव्हीच्या आसपास, तिथे एक मिमी काच ठेवली तरी निम्म्याहून जास्त किरण तीच खाऊन टाकते. म्हणून डिझाइन दोनच प्रकारचं दिसतं, एक तर मिरर म्हणजे ताणून बसवलेली पातळ प्लास्टिकची चकचकीत फिल्म, नाहीतर एक्स्पोजरच्या वेळी मिरर मोटर किंवा सोलेनॉइडने बाजूला होतो आणि नंतर परत जागेवर येतो. म्हणजे जो भाग सगळ्यात स्थिर पाहिजे तोच इथे नाजूक नाहीतर हलता आहे. डिझाइनवाल्यांना दुसरा इलाज नव्हता हे मान्य, पण आपल्या डोकेदुखीचं मूळ इथेच आहे.

थोडं गणित करू, घाबरू नका, त्रैराशिकच आहे. समजा फोकल स्पॉटपासून डिटेक्टर ६५ सेमी आणि ब्लेड १२ सेमीवर (तुमच्या मशीनचे आकडे मॅन्युअलमधून घ्या, हे समजण्यापुरते आहेत). दिवा आडवा ३ मिमी सरकला तर खाली लाइट किती सरकेल? ३ गुणिले ५३ भागिले १२, म्हणजे साधारण १३ मिमी, आणि ती सुद्धा उलट दिशेला. तोच दिवा आडवा न सरकता ३ मिमी मागे गेला तर २४ सेमी रुंद फील्ड जेमतेम ५ मिमीने लहान होतं, म्हणजे एका बाजूला अडीच मिमी सुद्धा नाही. आडव्याला साडेचार पट शिक्षा आहे आणि मागेपुढेला जवळपास माफी आहे, हे एक लक्षात ठेवलं तरी निम्मं निदान झालं.

लिमिट काय आहे ते पण सांगतो. अमेरिकेच्या एमक्यूएसए (मॅमोग्राफीच्या दर्जाचा कायदा) नियमांत लाइट आणि एक्सरेच्या कडांमधला फरक, लांबीच्या किंवा रुंदीच्या दिशेने दोन्ही कडांचा मिळून, एसआयडीच्या (फोकल स्पॉट ते डिटेक्टर अंतराच्या) २ टक्क्यांपेक्षा जास्त चालत नाही आणि तो बकीच्या पृष्ठभागावर मोजायचा असतो. ६५ सेमीला २ टक्के म्हणजे १३ मिमी. "दोन्ही कडांचा मिळून" हे बरेच जण विसरतात. डावीकडे ७ आणि उजवीकडे ७ म्हणजे १४, फेल. याचा अर्थ दिवा आडवा फक्त दीड मिमी सरकला तरी आपण लिमिटवर येतो, आणि मिररच्या बाबतीत बघायचं तर मिरर दिव्यापासून ६ सेमीवर धरला तर पाऊण डिग्रीपेक्षा कमी तिरका झाला तरी तेच. पाऊण डिग्री! डोळ्याने दिसणार सुद्धा नाही. म्हणून कव्हर काढून "मिरर तर सरळच आहे" असं म्हणण्याला काही अर्थ नाही.

आता मुख्य, निदान कसं करायचं. माझी पद्धत अगदी साधी आहे, मिलिमीटरचा आलेख कागद बकीवर चिकटटेपने पक्का लावा, पॅडल काढा नाहीतर एकाच उंचीवर ठेवा, खोलीतला उजेड कमी करा, लाइट लावा आणि टोकदार पेन्सिलने चारही कडा आखा. मग मिररला काम करायला लावा. काही मशीनमध्ये फील्ड साइज किंवा फिल्टर बदलला की मिरर हलतो, काहींत एक्स्पोजरच द्यावं लागतं, तसं असेल तर खोलीत कुणी नाही हे बघून, दार लावून, मॅन्युअल मोडला कमी एमएएसवर (कमी किरणांवर) द्या. परत लाइट लावा, परत आखा. असं बऱ्याचदा करा, कंटाळा येईपर्यंत करा. मग गॅन्ट्री (ट्यूब आणि बकीचा फिरणारा हात) एमएलओला एका बाजूला न्या, आखा, परत शून्यावर आणा, आखा, दुसऱ्या बाजूला न्या. शेवटी लाइट सलग काही वेळा लावून दिवा गरम होऊ द्या आणि परत आखा. टायमरने बंद झाली की परत लावायची. वेगवेगळ्या रंगाच्या पेन्सिली घेतल्या तर नंतर गोंधळ होत नाही.

त्या कागदावर सगळं लिहिलेलं असतं. रेघा एकावर एक पडल्या तर मिरर आणि दिवा दोन्ही घट्ट आहेत, दुखणं दुसरीकडे आहे. मिरर हलवल्यावर रेघा पसरल्या, कधी दोन मिमी इकडे कधी चार मिमी तिकडे, तर मिरर परत येताना एकाच जागी टेकत नाहीये, म्हणजे त्याचा स्टॉपर गेलाय किंवा स्प्रिंग ढिली झालीय. शून्यावर छान आणि एमएलओला सरकते, डावीकडे आणि उजवीकडे उलट दिशेला, तर वजनाने काहीतरी लोंबतंय, बहुतेक दिव्याचं ब्रॅकेट नाहीतर मिररचा पिव्होट. थंड असताना बरोबर आणि गरम झाल्यावर हळूहळू एकाच दिशेला जाते, तर दिव्याचा होल्डर, खास करून जुना हॅलोजन असेल आणि होल्डरचं प्लास्टिक तापून तापून पिवळं पडलं असेल तर.

एका ठिकाणी असंच झालं होतं. वर्षभर त्यांचे कॉल चालू, दर वेळी अलाइनमेंट केलं, रिपोर्टमध्ये "अॅडजस्टेड अँड फाउंड ओके". आलेख कागद लावला तर शून्यावरच रेघांचा चक्क झुपका, एका कडेला तीन चार मिमीचा पट्टा काळा झालेला. आत मिररचा जो छोटा रबरी स्टॉपर असतो, हरभऱ्याएवढा, तो चिकट झालेला, बोटाला लागत होता. मिरर कधी त्यावर पूर्ण टेकायचा, कधी चिकटून अर्धवट राहायचा. आता अशा ठिकाणी तुम्ही कितीही स्क्रू फिरवा, ज्या क्षणी मिरर जसा टेकला होता त्या क्षणापुरतं अलाइनमेंट झालं, पुढच्या एक्स्पोजरला गेलं. स्टॉपर आणि स्प्रिंगचा सेट बदलला, मग अलाइनमेंट केलं, स्क्रूच्या डोक्यावर पेंटची खूण केली, विषय संपला. पार्टची किंमत काय होती ते सांगत नाही, त्या वर्षभराच्या व्हिजिटच्या पैशांपुढे ती हसण्यासारखी होती.

रेघा पक्क्या आहेत आणि तरीही एक्सरेशी जुळत नाही, तेव्हा मग एक्सरे फील्ड बघायचं. इथे डिजिटल मशीनवाले फसतात. डिटेक्टरच्या इमेजमध्ये नाणी ठेवून बघतात आणि म्हणतात जुळतंय. अहो, डिटेक्टरला त्याच्या कडेच्या बाहेरचं दिसतच नाही, एक्सरे बाहेर किती सांडतोय ते त्या इमेजमध्ये कसं येणार? बाहेरून काहीतरी ठेवावं लागतं, आपोआप काळी पडणारी गाफक्रोमिक फिल्म, सीआर कॅसेट (नंतर स्कॅन करून वाचायची प्लेट), नाहीतर फ्लुओरोसंट पट्टी. कडेवर नाणी अशी ठेवा की नाण्याची एक कड लाइटच्या कडेला बरोबर टेकेल, आणि कुठलं नाणं कुठे ते कळायला एका कोपऱ्यात एक जास्तीचं ठेवा. डिटेक्टरवर लेड शीट झाका, नाहीतर नाण्यांची भुतं पुढच्या पेशंटच्या इमेजमध्ये दिसतील. आणि एईसी (एक्स्पोजर आपोआप ठरवणारी यंत्रणा) बंद करायला विसरू नका, लेड ठेवून ऑटोवर एक्स्पोजर दिलं तर मशीन एरर तरी देईल नाहीतर ट्यूब उगाच तापवेल.

आलेल्या फिल्मवर चारही बाजूंचा फरक चिन्हासकट लिहा, लाइटच्या बाहेर एक्सरे गेला तर अधिक, आत राहिला तर उणे. मग बघा. डावीकडे अधिक ६ आणि उजवीकडे उणे ६, म्हणजे अख्खं फील्ड एका बाजूला सरकलं, हा दिव्याचा आडवा सरकलेपणा किंवा मिररचा तिरकेपणा. दोन्हीकडे अधिक ३, म्हणजे दिवा मागेपुढे आहे, आणि वर सांगितलं तसं यासाठी दिवा बराच, चार मिमीच्या आसपास हलावा लागतो, त्यामुळे हे बहुतेक वेळा बल्ब बदलल्यावर किंवा एलईडी किट बसवल्यावरच दिसतं. तीन कडा छान आणि एकच कड चुकलेली, तर लाइट सोडा, कडेची सावली नेमकी कशाची पडतेय ते बघा, लाइटला एक ब्लेड अडवतंय आणि एक्सरेला दुसरंच काहीतरी, असं पण असतं.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, क्रम. आधी एक्सरे फील्ड डिटेक्टरशी जुळवायचं, ते झालं की मग लाइट एक्सरेशी. उलटं करणारे खूप बघितले, लाइट जुळत नाही म्हणून ब्लेडच हलवतात, लाइट आणि एक्सरे दोघंही हलतात, फरक तिथेच राहतो, वर छातीकडची बाजू कापली जाते. छातीकडची बाजू म्हणजे मॅमोमधली सगळ्यात नाजूक बाजू, युरोपियन गाइडलाइनप्रमाणे तिथे बकीच्या कडेपासून ५ मिमीपेक्षा जास्त टिश्यू सुटता कामा नये, आणि ब्लेड हलवताना ही मर्यादा कधी मोडली ते कळत पण नाही. ट्यूब बदलली असेल तर हा क्रम पाळल्याशिवाय पुढे जाऊच नका, नव्या ट्यूबचा फोकल स्पॉट जुन्याच्या जागी मिमीच्या हिशोबात बसेल याची कुणी गॅरंटी देत नाही.

मॅगबद्दल (मॅग्निफिकेशन, म्हणजे मोठा करून घेतलेला फोटो) एक. सगळं जुळलंय पण फक्त मॅग्निफिकेशनला चुकतंय अशी तक्रार असेल तर दिव्याला हात लावू नका. मॅगला ०.३ ऐवजी ०.१ मिमीचा छोटा फोकस वापरला जातो, तो अॅनोडवर किंचित दुसऱ्या जागी असू शकतो, दिवा मात्र एकच. फरक लिमिटमध्ये असेल तर तो तसाच राहू द्या, नाहीतर मॅगसाठी लाइट जुळवाल आणि रोजच्या सीसी एमएलओचं बिघडवाल. एक गोष्ट मात्र खरी की लाइटची खरी गरज मॅग आणि स्पॉटलाच (एका छोट्या भागाच्या फोटोला) जास्त. फुल फील्डला आमच्या मॅडम बकीवरच्या खुणा बघूनच पेशंट लावतात, लाइट फक्त हनुवटी, केस, दुसऱ्या बाजूचा स्तन मध्ये येत नाही ना एवढं बघायला. स्पॉटला मात्र छोटंसं फील्ड असतं, तिथे लाइट एक सेमी चुकली तर डॉक्टरांनी सांगितलेली जागाच कडेला जाते आणि रिपीट करावा लागतो, म्हणजे पेशंटला परत दाब आणि परत डोस. तेव्हा तक्रार स्पॉटवरून आली असेल तर ती टाळू नका.

आता एलईडी, कारण यावर भांडणं होतात. जुना हॅलोजन काढून "जास्त उजेडाची" एलईडी बसवायची फॅशन आली आहे. एमक्यूएसएत लाइट किमान १६० लक्स पाहिजे, १०० सेमीवर किंवा मशीनच्या जास्तीत जास्त एसआयडीवर, जे कमी असेल तिथे, आणि जुन्या मशीनमध्ये धूळ बसलेला मिरर, पिवळी पडलेली खिडकी, ओरखडे पडलेलं पॅडल यामुळे तेवढे भरत नाहीत हे खरं आहे. पण आधी ते साफ करा, पॅडल बदला, लक्समीटरने (मोबाइलचं अॅप नको) चारही भागांत मोजा आणि खोलीचा उजेड वजा करा, अर्ध्या केसेस तिथेच सुटतात. एलईडी बसवायचीच तर वॉट आणि लक्स बघण्याआधी चिपचा आकार बघा. फिलामेंट किंवा चिप १ मिमीची असेल तर वरच्याच आकड्यांनी खाली कड साडेचार मिमी धूसर होते, ३ मिमीची असेल तर १३ मिमी धूसर, आणि बाजारात मिळणारी ती पिवळ्या चकतीची सीओबी एलईडी, जिची चकतीच सेंटिमीटरभर असते, ती लावली तर कड अशी उरतच नाही, नुसता उजेडाचा ढग. लक्स भरपूर, टेस्ट पास. आणि मग कड नक्की कुठे धरायची हे ज्याच्या त्याच्या डोळ्यावर, आज एकाने आतली धरली, सहा महिन्यांनी दुसऱ्याने बाहेरची धरली, आणि रिपोर्टमध्ये लाइट "सरकली". काहीही सरकलेलं नसतं. परत परत येणाऱ्या कितीतरी कॉलमागे हेच असतं असं माझं स्पष्ट मत आहे. कड जिथे निम्मा उजेड आहे तिथे धरायची, आणि दर वेळी त्याच पद्धतीने, एवढं ठरवून घेतलं तरी फरक पडतो.

मला विचाराल तर डिझाइन सुधारायचं असेल तर तीन गोष्टी पाहिजेत, छोटा पण तेजस्वी एमिटर, दिव्याच्या ब्रॅकेटला स्क्रूच्या लांबट भोकांवर सोडून न देता लोकेटिंग पिन, आणि मिररला रबराऐवजी कडक स्टॉप, त्यावर स्प्रिंगने दाबून तीन बिंदूंवर टेकणारा. पिन असली की दिवा बदलला तरी जागा तीच राहते. पण हे कंपनीने करायचं काम आहे, आपण हॉस्पिटलमध्ये ड्रिल घेऊन करायचं नाही. एईआरबीच्या (अणुऊर्जा नियामक मंडळाच्या) नियमात सर्व्हिसिंग ऑथराइज्ड माणसानेच करायचं असतं, आपण कागदावर निदान पक्कं करून त्याच्या हातात द्यायचं, म्हणजे तो "अॅडजस्टेड" लिहून पळत नाही. कॉल टाकताना सुद्धा "लाइट जुळत नाही" असं मोघम लिहू नका, लिहा की "मिरर चक्रानंतर डावी कड ४ मिमीपर्यंत फिरते, गॅन्ट्री स्थिर असताना, आलेख कागद जोडला आहे, मिरर स्टॉप तपासावा." फरक बघा, स्पेअर घेऊनच येतात.

तुमची क्यूए (गुणवत्ता तपासणी) एजन्सी दोन वर्षांनी येते तेव्हा ती बहुतेक शून्य डिग्रीला, मोठ्या फोकसला, एकाच फील्ड साइजला हे मोजून जाते. पास झालं म्हणजे एमएलओला पण बरोबर आहे असं नाही. त्यांना ±४५ ला पण एकेक घ्यायला सांगा, जास्तीचे पैसे मागितले तर भांडा थोडं.

टोमो (ट्यूब फिरवत अनेक कोनांतून फोटो घेणाऱ्या) मशीनवाल्यांनी ट्यूब मधल्या जागी आहे याची खात्री करूनच लाइट तपासा. काही मशीनची ट्यूब ±७.५ डिग्री फिरते, काहींची ±२५ पर्यंत, आणि मागच्या स्कॅननंतर ती होमला आली नसेल तर लाइट सरकलेली दिसणारच.

आणि मिररची फिल्म बदलली असेल, म्हणजे ज्या मशीनमध्ये ती कायम बीममध्ये असते तिथे, तर लाइट जुळली म्हणून मशीन लगेच पेशंटला देऊ नका. ती फिल्म फिल्टरचाच भाग आहे, त्यामुळे एचव्हीएल (एक्सरे निम्मा करायला लागणारी अॅल्युमिनियमची जाडी) परत मोजायचा, २८ केव्हीला किमान ०.२८ मिमी अॅल्युमिनियम यायला पाहिजे, आणि जुन्या रिपोर्टच्या आकड्याशी तुलना करायची. एक मऊ ब्रश आणि ब्लोअर सोडून त्या फिल्मला काहीही लावायचं नाही, कापूस स्पिरिट तर अजिबातच नाही, वरचा चकचकीत थर निघून येतो आणि मग लक्स कमी म्हणून परत नवा कॉल.